‘पूर्ण काढून टाका’ म्हणण्याआधी

(लातूर येथे महिलांच्या आरोग्यावरील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माहेर नांदेडचं, देगलूर नाक्याजवळचं. इंजिनिअरिंग विष्णुपुरीला झालं आणि नोकरी पुण्यात. आजच्या विषयावर बोलण्याची माझी पात्रता एवढीच, की माझ्या लातूरच्या खालाच्या आजारपणात सगळे रिपोर्ट ज्या पिशवीत होते ती पिशवी माझ्या हातात होती. खालाने बोलायची परवानगी दिली आहे. ‘नाव नको, बाकी सगळं सांग,’ म्हणाली. ती इथेच बसली आहे, त्यामुळे माझं काही चुकलं तर तीच टोकेल.

आणखी एक. मी ‘तिथे गाठ’, ‘बायकांचा आजार’ असं आडून बोलणार नाही. स्तन म्हणणार आहे. मागच्या रांगेतल्या भावांनी आणि चाचांनी अवघडून बाहेर जाऊ नये. आमच्या घरात हा शब्द आठ महिने कुणी उच्चारला नाही आणि त्या आठ महिन्यांत गाठ वाढत राहिली.

खाला तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. गंजगोलाईच्या मागे घरीच शिलाई करते. ब्लाउज, सलवार-कमीज, लग्नाचे कपडे. पंचवीस वर्षं मशीनवर वाकून काम. तिची छाती पहिल्यापासून जड. खांद्यावर पट्ट्यांचे वळ, मान कायम धरलेली, उन्हाळ्यात स्तनाखाली घामोळं आणि चिघळलेली त्वचा. हे दुखणं आहे असंही तिला कधी वाटलं नाही. अंगच तसं आहे, असं म्हणून सोडून दिलेलं. अशा जड स्तनात लहान गाठ हाताला लवकर लागत नाही. लागली तेव्हा मुलीचा निकाह तोंडावर होता, म्हणून ती गप्प राहिली. निकाह झाला, वलीमा झाला, मुलगी सासरी गेली, आणि मग तिने माझ्या अम्मीला सांगितलं. अम्मी नांदेडहून अहमदपूरमार्गे एसटीने त्याच दिवशी लातूरला गेली.

तपासण्या झाल्या. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सुईने तुकडा काढून बायोप्सी. कॅन्सर निघाला. डाव्या स्तनाच्या खालच्या भागात साडेतीन सेंटिमीटरची गाठ, बाकी शरीरात पसरलेलं काही नाही. पहिल्या रुग्णालयात (नाव घेत नाही, त्याची गरजही नाही) सर्जननी खालू आणि माझ्या मामूंना केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, पूर्ण स्तन काढू, मंगळवारी दाखल करा. मामू म्हणाले, ‘पूरा निकाल डालो डॉक्टर साब, बाद में टेन्शन नक्को.’ फॉर्मवर खालूंची सही झाली. खाला बाहेर बाकावर बसून होती.

डॉक्टर खोटं काही बोलले नव्हते. पूर्ण स्तन काढणं, म्हणजे मास्टेक्टोमी, ही कॅन्सरवरची रीतसर शस्त्रक्रिया आहे. मामूंचाही हेतू बहिणीचा जीव वाचावा हाच होता. पण रात्री मी फोन केला आणि विचारलं, ‘खाला, तुला काय वाटतं?’ तर ती म्हणाली, ‘मेरे कू कौन पूछ्या?’

तिथून मी वाचायला लागले.

जास्त कापलं म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज आपला एकट्याचा नाही. अमेरिकेत हॉलस्टेड नावाच्या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्तन, त्याखालचा स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळंच काढायची पद्धत रूढ केली आणि पुढे सत्तर-ऐंशी वर्षं जगभरचे सर्जन तसंच करत राहिले. मग १९७०च्या दशकात दोन मोठे प्रयोग सुरू झाले. इटलीत मिलानला उंबर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट केले. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून रेडिएशन दिलं. मिलानमध्ये ७०१ स्त्रिया होत्या, अमेरिकेत १८५१. वीस वर्षं त्यांचा पाठपुरावा केला आणि २००२ साली दोन्हींचे निकाल एकाच वेळी छापून आले. दोन्ही प्रयोगांत, स्तन ठेवलेल्या आणि काढलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता.

आता यातला दुसरा आकडा ऐका, कारण लोक पहिला ऐकून उठून जातात. अमेरिकेच्या प्रयोगात फक्त गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३९ टक्के जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर पुन्हा झाला. रेडिएशन घेतलेल्यांमध्ये तो सुमारे १४ टक्के जणींना झाला. म्हणजे स्तन ठेवायचा असेल तर रेडिएशन टाळता येत नाही. आमच्या घरात त्याला ‘सिकाई’ म्हणतात. नांदेड-लातूरच्या बाईसाठी खरा प्रश्न इथेच सुरू होतो: सिकाई कुठे, किती दिवस, तोवर राहायचं कुठे आणि घरी स्वयंपाक कोण करणार.

पण खालाची अडचण आणखी वेगळी होती. स्तनाच्या खालच्या भागातून मोठी गाठ नुसती काढली आणि टाके घातले, तर वरचा भाग खाली ओढला जातो, स्तनाग्र चोचीसारखं खाली वळतं आणि रेडिएशननंतर ते तसंच घट्ट होऊन बसतं. एक पूर्ण स्तन काढला असता तर एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला ते सगळं वजन, अशी अवस्था झाली असती. मान आधीच धरलेली. मशीनवर दिवसाचे आठ तास बसणाऱ्या बाईने ते कसं पेललं असतं, हा प्रश्न सौंदर्याचा नाही, रोजीरोटीचा आहे. आमच्याकडे मात्र कुणी हे विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘या वयात काय करायचंय?’

पुण्यात दुसरं मत घेतलं. तिथल्या सर्जन बाई होत्या. त्यांनी खालाला समोर बसवलं आणि बाकी आम्हाला मागे. त्यांनी सांगितलेला मार्ग असा: ज्यांचे स्तन फार जड असतात त्यांच्यासाठी ते लहान करण्याची एक शस्त्रक्रिया असते, ब्रेस्ट रिडक्शन. त्यात खालचा बराचसा भाग काढून टाकतात, वरचा भाग खाली आणून जोडतात आणि स्तनाग्र रक्तपुरवठ्यासकट वर सरकवतात. तुमची गाठ नेमकी जो भाग एरवीही काढून टाकतात त्याच भागात आहे. मग गाठ आणि तिच्या भोवतालचा मोठा भाग त्यातच काढू आणि दुसरी बाजूही तेवढीच लहान करू.

मी वहीत आकृती काढत होते. खाला म्हणाली, ‘म्हणजे कपडा खालून कमी करायचा, टक घालायचे आणि कटोरी वर उचलायची.’ डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तेच. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांनी तिला बसवूनच अंगावर मार्करने खुणा केल्या, कारण आडवं झाल्यावर मापं बदलतात. खालाला हे सांगावं लागलं नाही. ती गिऱ्हाइकाला कधी आडवं करून माप घेत नाही.

‘मार्जिन’ हा शब्दही तिला माझ्याआधी कळला. शिलाईत कडेला कापड जास्त सोडतात ते मार्जिन. सर्जरीत गाठीभोवती निरोगी भागाची जी कड काढतात ती मार्जिन. काढलेल्या तुकड्याला वर कुठली बाजू, कडेला कुठली बाजू हे कळावं म्हणून दोऱ्याच्या खुणा करतात. पॅथॉलॉजीवाले त्याला बाहेरून शाई लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शाईपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचलेल्या नसतील तर साधारणपणे मार्जिन स्वच्छ धरतात. जड स्तनात हा मोठा फायदा असतो: भोवतालचा भाग हात आखडता न घेता काढता येतो.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या क्रिश्ना क्लॉ या सर्जनने या पद्धतीवर बरंच काम केलं आहे. त्यांचा ढोबळ नियम असा: स्तनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत भाग काढायचा असेल तर साधी जुळणी चालते, २० ते ५० टक्के काढायचा असेल तर असं पूर्ण नव्याने बेतावं लागतं. २००३ साली त्यांनी १०१ स्त्रियांचे निकाल छापले. काढलेला भाग सरासरी दोनशे ग्रॅमच्या वर, पाच वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परतण्याचं प्रमाण ९.४ टक्के आणि दिसायला चांगला निकाल ८२ टक्के जणींमध्ये. पुढे २०१८ साली ३५० स्त्रियांचे निकाल आले, त्यात हेच परतण्याचं प्रमाण २.२ टक्के होतं. सुमारे १२ टक्के जणींचं मार्जिन मात्र स्वच्छ आलं नाही. अशा वेळी पुन्हा कापावं लागतं, कधी शेवटी पूर्ण स्तन काढावाच लागतो. खालाला हे आधी सांगितलेलं होतं.

इंजिनिअर म्हणून मला एक गोष्ट खटकली, तीही सांगते. मिलान आणि अमेरिकेचे प्रयोग चिठ्ठ्या टाकून केलेले होते. या नव्या पद्धतीचे बहुतेक अभ्यास तसे नाहीत. ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया केली त्यांचे निकाल मोजलेले आहेत आणि त्या निवडून घेतलेल्या स्त्रिया असतात. म्हणून ‘ही पद्धत सगळ्यात भारी’ असं मी म्हणणार नाही. योग्य रुग्ण निवडली, मार्जिन स्वच्छ आलं आणि रेडिएशन पूर्ण झालं, तर स्तन ठेवूनही धोका वाढलेला दिसत नाही, इतकंच म्हणेन. खालासाठी इतकं पुरेसं होतं.

आपल्या राज्यात हे काम नवीन राहिलेलं नाही. पुण्यात डॉ. चैतन्यानंद कोप्पीकर आणि त्यांच्या प्रशांती कॅन्सर केअर मिशनने या शस्त्रक्रिया रुजवल्या, सर्जनना शिकवण्यासाठी शाळा काढली आणि आपल्या रुग्णांचे निकाल छापले. खालाचं ऑपरेशन कुठे झालं ते सांगत नाही, जाहिरात व्हायला नको.

तिचं काय झालं ते सगळं सांगते, कारण अशा बैठकांत फक्त गोड शेवट सांगतात. मार्जिन स्वच्छ आलं. काखेतली तपासलेली गाठ स्वच्छ आली. दुसऱ्या बाजूचा काढलेला भागही पॅथॉलॉजीला पाठवला होता. तो पाठवायलाच हवा, कारण क्वचित तिथेही लपलेला कॅन्सर सापडतो. तिच्या बाबतीत काही निघालं नाही. पण खालाला शुगर आहे. या शस्त्रक्रियेत टाके उलट्या टी अक्षरासारखे येतात आणि जिथे उभी आणि आडवी रेघ मिळते तिथे जखम भरायला सगळ्यात वेळ लागतो. मधुमेह असेल, वजन जास्त असेल, तंबाखू असेल तर आणखी. खालाची जखम पाच आठवडे ओली राहिली आणि केमो दोन आठवडे पुढे गेली. ते दोन आठवडे माझ्या आयुष्यातले वाईट दिवस होते. मामू फोनवर म्हणाले, ‘पूरा निकाला होता तो ये नहीं होता,’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. जखमेचा त्रास मास्टेक्टोमीतही होतो, हे मला माहीत होतं. पण दोन ठिकाणी कापलं की जखमा दुप्पट, हेही खरंच होतं. तुमच्या घरी असा निर्णय झाला तर शुगर आधी ताब्यात आणा. आमच्याकडून त्यात हयगय झाली.

केमोनंतर सिकाई. कोंढव्यात नात्यातल्यांकडे खोली मिळाली. पंधरा दिवसांचं रेडिएशन, शनिवार-रविवार सोडून तीन आठवडे. पूर्वी हेच पाच आठवडे चालायचं. ब्रिटनमध्ये चार हजारांवर रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचे निकाल २०२० साली आले. त्यात एका आठवड्यात पाच वेळा दिलेलं रेडिएशनही पाच वर्षांपर्यंत तेवढंच परिणामकारक ठरलं. सगळ्यांना ते चालत नाही. पण अहमदपूरच्या किंवा कंधारच्या बाईने ‘मला कमी दिवसांचं चालेल का?’ हे विचारायलाच हवं. गाव सोडून पाच आठवडे राहणं आणि एक आठवडा राहणं यात तिचा निर्णय बदलू शकतो.

इथे दोन बारीक गोष्टी आहेत. ऑपरेशनमध्ये भाग इकडचा तिकडे सरकवलेला असतो, मग गाठ मूळची कुठे होती ते रेडिएशनच्या डॉक्टरला कसं कळणार? म्हणून सर्जन त्या जागी धातूच्या बारीक क्लिपा ठेवतात. त्या ठेवल्या का, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. दुसरं, फार जड स्तनात रेडिएशन सारखं पसरत नाही आणि खालच्या घडीतली त्वचा सोलवटते. आधीच लहान केल्यामुळे खालाला तो त्रास कमी झाला. तेवढ्यापुरती तरी जखमेची भरपाई झाली.

आज चार वर्षं झाली. हार्मोनची गोळी चालू आहे. डाव्या स्तनाग्राला स्पर्श कळत नाही. डावी बाजू रेडिएशनने घट्ट झाली आहे आणि उजवी वयाप्रमाणे सैल होते आहे, म्हणजे दोन्ही अगदी सारख्या राहिल्या नाहीत. खांद्यावरचे वळ गेले. मान दुखायची जवळजवळ थांबली. तिने आपले सगळे जुने ब्लाउज उसवून लहान केले आणि त्यातल्या मार्जिनबद्दल स्वतःलाच शाबासकी दिली.

आता दुसरी बाजू. नांदेडला आमच्या शेजारी एक काकू आहेत. त्यांचा पूर्ण स्तन काढला, त्याला अकरा वर्षं झाली. त्यांच्या स्तनात गाठी वेगवेगळ्या भागांत पसरलेल्या होत्या. घरी अंथरुणाला खिळलेली सासू, दूर जाऊन राहणं शक्य नाही. त्यांना विचारलं गेलं, समजावलं गेलं आणि त्यांनी स्वतः ठरवलं. त्या ठणठणीत आहेत आणि मी स्तन वाचवण्याच्या गोष्टी सांगायला लागले की मला चहा देऊन गप्प करतात. त्यांचा निर्णय बरोबरच होता. फक्त एक गैरसमज काढून टाका: पूर्ण स्तन काढला की सिकाई लागतच नाही, असं नसतं. गाठ मोठी असेल किंवा काखेत पसरलं असेल तर मास्टेक्टोमीनंतरही रेडिएशन लागतं. ‘सिकाई नको म्हणून काढलं’ आणि नंतर सिकाईही घ्यावी लागली, अशा बाया मला वेटिंग हॉलमध्ये भेटल्या.

सहीबद्दल. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे समीरा कोहली खटला आला होता. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका स्त्रीचं गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईची सही घेऊन काढले होते. न्यायालयाने सांगितलं की रुग्ण सज्ञान आणि भानावर येण्याजोगी असताना तिच्या संमतीची जागा दुसऱ्या कुणाची संमती घेऊ शकत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. आपल्याकडे मात्र अजून नवरा, भाऊ, मुलगा केबिनमध्ये आणि बाई बाकावर. भावांनो, सोबत जा, पैसे भरा, रक्त द्या, पिशवी धरा. पण खुर्चीवर तिला बसवा.

पैशाचंही बोलते. महात्मा फुले जनआरोग्य योजना आज सगळ्यांना माहीत आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन तिच्यात आहेत. उजव्या बाजूच्या ऑपरेशनचे पैसे मात्र आम्ही स्वतः भरले. म्हणून दाखल होण्याआधी आरोग्यमित्राकडून लेखी विचारून घ्या, कशाला मंजुरी आहे आणि कशाला नाही. शिवाय रेडिएशनसाठी पुणे-मुंबईच गाठायला हवी असंही नाही. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय लातूरहून जवळ आहे.

‘आपल्या बायका तपासणीला येतच नाहीत’ हे वाक्य मी फार ऐकलं. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. खेड्यापाड्यांतल्या १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या आणि त्याचे निकाल २००९ साली जगभर गाजले. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८पासून वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका पाठवल्या. त्या दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासायच्या, मशीन नाही काही नाही. पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण बायकांमध्ये तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. घरी बाईमाणूस येऊन तपासते म्हटल्यावर बायका तपासून घेतात. खालाच्या दारात कुणी आलं असतं तर साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वाट बघावी लागली नसती.

माझं बोलणं संपलं. मागच्या खोलीत चहा ठेवला आहे, तिथे फक्त बायका जातील. खाला तिथे बसणार आहे. तिला काहीही विचारा. ज्यांना टाक्यांच्या खुणा बघायच्या असतील त्यांना ती दाखवेल, असं तिने मला काल रात्री स्वतःहून सांगितलं. भावांनी आपले प्रश्न इथे मला विचारावेत. मामू, पहिला प्रश्न तुमचा असणार हे मला माहीत आहे.